टाकीत हिरवे केस, आणि आईचे टोमणे

प्रश्न (इंदूर): माशांची दोन फुटी टाकी, ५५ लिटर. व्हॅलिस्नेरिया, अनुबियास ही पाण्यातली झाडं, १२ निऑन टेट्रा मासे. महिनाभरात अनुबियासच्या पानांवर हिरवे केस उगवलेत. आई म्हणते, "मासे पाळलेस की गवत?" दिवा सकाळी ८ ते रात्री १०. पाणी नर्मदेच्या नळाचं.

उत्तर: १४ तास? अहो, झाडं दमतात, शेवाळ दमत नाही. ६-७ तासांवर आणा, टायमर लावून. टाकी खिडकीपाशी आहे का?

प्रश्नकर्ता: हो, पश्चिमेच्या. संध्याकाळी थेट ऊन.

दुसरं उत्तर: मग आधी ती हलवा, दादा, बाकी नंतर. केस जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढा. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, क्लोरीन काढूनच. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. थोडं हायड्रिला हे पाणगवत सोडा, भराभर वाढून नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खत, ओढतं. आणि शेवाळ मारायची बाटली नकोच. माझी कोळंबी तिच्यातल्या तांब्याने एका रात्रीत गेली.

प्रश्नकर्ता: रविवारी हलवली. बादल्या वाहून कंबर गेली. ब्रशवर मूठभर निघालं. आई बघून म्हणाली, "पोह्यांवर शेव म्हणून घालू का?"