हैफाला फुलं वाहून मैत्री होते का?

तापीकाठ: ‘हैफाची लढाई हाच भारत-इस्रायल मैत्रीचा पाया’ ही पोस्ट कालपासून धुळे-जळगावच्या सगळ्या ग्रुपवर फिरतेय. साफ चूक आहे. २३ सप्टेंबर १९१८ ला पहिल्या महायुद्धात जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हैफा (आजच्या इस्रायलमधलं बंदर) घेतलं ते ब्रिटिशांसाठी, तुर्कांकडून. इस्रायल जन्मलं १९४८ ला, पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ ला, आणि दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला हैफाचं नाव लागलं २०१८ ला. मैत्री आधी झाली, आठवण मागाहून शोधली.

सातपुडा: मागाहून शोधली म्हणून खोटी ठरते का भाऊ? तुर्कस्तानातलं गॅलिपोली बघा. १९१५ ला तिथं ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तान एकमेकांच्या जिवावर उठले होते. १९८५ मध्ये तुर्कस्ताननं त्या किनाऱ्याला ‘आन्झाक’ (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज) नाव दिलं, ऑस्ट्रेलियानं कॅनबेरात तुर्कांचा सेनानी अतातुर्कचं स्मारक उभारलं. फ्रान्स-जर्मनीच्या व्हर्दून रणभूमीवर १९८४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि जर्मनीचे चान्सलर कोल हातात हात धरून उभे राहिले. अशा प्रसंगांनीच कोंडी फुटते.

तापीकाठ: व्हर्दूनच्या त्या प्रसंगाच्या २१ वर्षं आधी फ्रान्स-जर्मनीत एलिझे करार झाला होता. वर्षातून किमान दोनदा राष्ट्रप्रमुखांची भेट, दर तीन महिन्यांनी परराष्ट्रमंत्र्यांची, शिवाय तरुणांची देवाणघेवाण. एवढं झाल्यावर हात धरले. वरवरचं केलं की जपान-कोरियासारखं होतं. जपानी सैन्यानं युद्धात ज्या कोरियन बायकांवर अत्याचार केले त्यांच्यासाठी डिसेंबर २०१५ चा करार, मदतीच्या संस्थेला जपानचे १ अब्ज येन, पण त्या बायकांना विचारलंच नाही. कोरियानं तीनच वर्षांत ती संस्था गुंडाळायचं जाहीर केलं.

शिरपूरकर: तुमचं हैफा-व्हर्दून चालू द्या. आपल्या तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याचं कोण बोलणार? मंदसोरच्या तहात, जानेवारी १८१८ ला, होळकरांनी खानदेश सोडला. किल्लेदार तुळशीराम किल्ला देईना. २७ फेब्रुवारीला ब्रिटिश सेनापती हिस्लॉपनं तोफा डागल्या. दरवाजात बोलणी चालू असताना गोंधळ उडाला, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. ब्रिटिश वकिलातीनं आधी इथं यावं!

सातपुडा: हा राग झाला, राजनय नव्हे. जालियनवाला बागेला शंभर वर्षं झाली तेव्हाही थेरेसा मे यांनी खेदच व्यक्त केला, माफी नाही. थाळनेरला कोण येतंय?

शिरपूरकर: येणार नाहीत म्हणून आपणही विसरायचं? तुमच्यासारख्यांमुळेच खानदेशाला इतिहास नाही असं पुण्यातले म्हणतात.

बोरीकाठ: भांडण पुरे, कामाचं बोला. इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर ४० हजारांवर बेपत्ता सैनिकांची नोंद आहे, पण बहुतेक हिंदी शिपायांची नावं नाहीत, फक्त पलटणवार आकडे. नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत शोधावी लागतात. तिथं आजचं स्पेलिंग टाकून हाती काही लागत नाही. इंग्रजीत ‘धुलिया’, ‘वेस्ट खानदेश’ टाका. खानदेश जिल्हा १९०६ ला फुटला, म्हणून जळगाव-अमळनेर ‘ईस्ट’मध्ये. आडनाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि गाव जादा माहितीत असतं. शिपाई नंबर त्या पलटणीपुरताच असायचा, त्यामुळे नंबर, पलटण आणि बापाचं नाव तिन्ही जुळल्याशिवाय ‘हा आमच्या गावचा’ म्हणू नका. एकाच नावाचे कितीतरी तुकाराम निघतात.

शिरपूरकर: आणि गावात ‘या गावातून इतके महायुद्धास गेले’ अशी संगमरवरी पाटी असेल तर तिला ऑइलपेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि वरचा थर सुटतो. ॲसिड तर नकोच, संगमरवर विरघळतो, अक्षरं बोथट होतात. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. तारेच्या ब्रशनं घासून लोकांनी चांगल्या पाट्यांची वाट लावलीय.

तापीकाठ: हे पटलं. सातपुडाभाऊ, गॅलिपोलीही मान्य, पण तिथं दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मेलेल्यांना मान दिला. हैफाच्या त्या पोस्टमध्ये तुर्कांच्या मेलेल्यांबद्दल एक ओळ दाखवा, माझं म्हणणं मागे घेतो.

सातपुडा: नाही ती ओळ. पण म्हणून हैफात पडलेल्या मेजर दलपतसिंह शेखावतांना फुलं वाहायची थांबवणार का तुम्ही?