ग्रुप आधीच ठरलेले असतात तेव्हा

नोकरीसाठी पुण्यात येऊन आठ महिने झाले, तरी ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर उपराच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर बऱ्याच जणांनी 'मोकळेपणाने बोला' असं उत्तर दिलंय, पण अडचण बोलण्याची नाही, तासांची आहे. अमेरिकेतले संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासानुसार ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, पक्की व्हायला २००च्या वर. त्यात कामाचे तास फारसे धरता येत नाहीत. महिन्यातून एक ट्रेक केलात तर दर वेळी नवीन चेहरे, हिशोब पुन्हा शून्यावर.

म्हणून तीच माणसं ठरल्या वारी भेटतील असं काही धरा. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, नवखेही चालतात. रोज दोन तास धरले तर दीड महिन्यात नव्वद होतात! वाजवून झाल्यावर लगेच सटकू नका. खरी ओळख ढोल ताणताना, दोरी धरायला दुसरा हात लागतो तेव्हा होते, आणि नंतरच्या चहावर. पहिले तीन-चार आठवडे अवघडच जातात, बहुतेक जण नेमके तिथेच सोडतात.

झोप-भूकच उडाली असेल तर मात्र १४४१६ला (टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत) फोन करा.