लहान कर्जातून गरीब कुटुंबाचा व्यवसाय खरोखर उभा राहतो का?

प्रश्न: तारण ठेवण्यासारखे काहीही नसलेल्या कुटुंबाला अल्प कर्जातून स्वतःचा व्यवसाय उभारता येतो, असे म्हटले जाते, प्रत्यक्षात हे कितपत घडते?

उत्तर १: बांगलादेशात अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या आणि १९८३ मध्ये ग्रामीण बँकेचे रूप घेतलेल्या प्रयोगात तारणाची जागा कर्जदारांच्या गटातील परस्पर विश्वासाने घेतली. सावकाराचा पाश सुटला, की कच्चा माल स्वतः विकत घेता येतो आणि नफा घरातच राहतो.

उत्तर २: हे मान्य आहे, मात्र २०१५ मध्ये अशा कर्जांबाबतचे सहा देशांतील अभ्यास एकत्रितपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा काही व्यवसायांचा विस्तार झालेला दिसला, तरी कुटुंबांच्या सरासरी उत्पन्नात मोठी वाढ आढळली नाही. शिवाय परतफेडीचे हप्ते लगेचच सुरू होत असतील, तर उशिरा उत्पन्न देणाऱ्या व्यवसायात पैसा गुंतवायला कोण धजावेल?

प्रश्नकर्ता: मग पहिला हप्ता काही काळ पुढे ढकलल्यास फरक पडतो का?

उत्तर २: पडतो. गुंतवणूक वाढते, परंतु कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढते, म्हणून संस्था कचरतात.