सत्याग्रहींची व्यक्तिचित्रे : सोहळ्यात टिपावीत की घरी?

म्हापसेकर
नमस्कार. म्हापशाजवळच्या दोन वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकांची छायाचित्रे मला येत्या १८ जूनच्या सुमारास काढायची आहेत. अभ्यास म्हणून अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीची छायाचित्रे पाहायला घेतली आणि गोंधळ अधिकच वाढला. जेम्स कॅरालेस यांनी १९६५ च्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात काळ्या ढगांखालून चालणारी माणसांची रांग टिपली, तर मोनेटा स्लीट यांनी चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी कोरेटा किंग टिपल्या, आणि त्याच छायाचित्राला १९६९ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. मग या दोघा आजोबांना १८ जूनच्या गोवा क्रांतिदिनाच्या सोहळ्यात टिपावे, की घरी बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसवून?

फोंड्याचा वाचक
कॅरालेस यांची रांग प्रभावी वाटते, कारण ती माणसे खरोखरच चालत आहेत आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना ठाऊक नाही. कॅमेराही खालून वर पाहत असल्यामुळे अर्ध्याहून अधिक चौकट आभाळानेच व्यापली आहे. आपल्याकडे सोहळ्यात ज्येष्ठांना मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवतात, शाल घालतात आणि मागे प्रायोजकांचा फलक असतो. तेथे कॅमेरा कितीही खाली नेला तरी फलकच दिसणार. घरीच जावे.

डिचोलीहून
घरी जाण्याला माझाही दुजोरा आहे, परंतु जागेपेक्षा विश्वासाचा प्रश्न मोठा आहे. मेम्फिसमधील सफाई कामगारांच्या १९६८ च्या संपातील, ‘आय अ‍ॅम अ मॅन’ असे फलक धरून उभ्या असलेल्या कामगारांचे प्रसिद्ध छायाचित्र ज्या अर्नेस्ट विदर्स यांनी काढले, तेच एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचे खबरी होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये उघड झाले. चळवळीतल्या माणसाचा फोटो कोणाच्या हाती पडेल, ही धास्ती उगाच नसते. माझ्या आजोळी एक सत्याग्रही होते. त्यांचा तरुणपणीचा एकमेव फोटो पोलिसांनी काढलेला होता आणि पुढे आयुष्यभर, अगदी नातीच्या लग्नातसुद्धा, कॅमेरा समोर आला की ते ताठ होऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत. म्हणून पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या, चहा घ्या, त्यांना बोलू द्या.

तांत्रिक बाब एकच. जूनमध्ये बल्कांवात उजेड मऊ असतो, मात्र मागे पावसाळी आभाळ आणि डोक्यावर पांढरी टोपी असली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका लहान भागाचाच उजेड मोजणे) गालावर करावे. आभाळ पांढरेफटक पडले तरी चालेल.

म्हापसेकर
दोघांचेही आभार. काल कॅमेरा न नेता एका आजोबांना भेटून आलो. त्यांनी स्वतःहून पत्र्याच्या पेटीतून टोपी काढून दाखवली आणि घडी न मोडता परत ठेवली. ती घालायची की नाही, हे त्या दिवशी तेच ठरवतील; मी मीटर गालावर धरतो.