विकिपीडियावर पुस्तकांचे लेख लिहायला शिकताना : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची :

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून मी मराठी विकिपीडियावर पुस्तकांवर लेख लिहायला शिकतेय. नाशकातले बरेच जण हे काम आपापल्या घरी बसून करत असतात असं हळूहळू कळत गेलं, म्हणून हा धागा. नवीन होतात तेव्हा कुठे अडलात, कोणी हात दिला, कुठलं पुस्तक घेतलं, सगळं लिहा, लांबलं तरी चालेल.

सुरुवात मीच करते. पुस्तक निवडलं ते लाल दुवे बघून. लेखकाच्या पानावर त्याच्या पुस्तकांची यादी असते, ज्याचं पान आहे ते निळं दिसतं आणि नाही ते लाल. ज्या पुस्तकांवर आपण वाढलो त्यातली कितीतरी लाल दिसतात आणि ते बघून फार वाईट वाटतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, वीस वर्षं उलटून गेली, पण पुस्तकांचं काम अजून प्रचंड बाकी आहे.

थेट लेख करण्याआधी मी सगळं धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या आपल्या सरावाच्या पानावर, लिहून बघितलं, ते नवीन माणसाने करावंच. टायपिंगची भीती असेल तर तिथेच अक्षरांतरण (इंग्रजी अक्षरांनी मराठी टाईप करणं) आणि इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) दोन्हीची सोय आहे, वेगळं काही डाऊनलोड करावं लागत नाही. माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता, भरणं पण सोपं निघालं, नाव, लेखक, प्रकाशन संस्था, प्रथमावृत्ती, पानं, झालं. खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं. पुस्तक मला कसं वाटलं ह्याला तिथे जागा नाही, पुस्तकाबद्दल इतर जाणकारांनी काय छापून ठेवलंय त्याला आहे. आणि मराठी पुस्तकांचं दुखणं हे की ते छापलेलं नेटवर नाहीच! सर्च केलं की विक्रीची पानं येतात आणि सगळीकडे तोच मलपृष्ठावरचा मजकूर. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मासिकांतून, दिवाळी अंकांतून जी परीक्षणं आली, वाद झाले, ते सगळं कागदावरच राहिलंय. म्हणून माझं मत असं झालंय की मराठी पुस्तकावरचा चांगला लेख कॉम्प्युटर येणाऱ्यापेक्षा ज्याचा वाचनालयात राबता आहे तो माणूस जास्त चांगला लिहील. कॉम्प्युटर दोन दुपारीत शिकता येतो हो.

पंचवटीकर :

ताई, शेवटच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी निवृत्त शिक्षक, हे सगळं मला नातीने शिकवलं. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, एवढा जुना ग्रंथसंग्रह ज्या गावात आहे त्या गावातल्या लोकांनी हे काम नाही करायचं तर कोणी करायचं?

माझा अनुभव मुख्यतः सालांचा आहे. जुन्या पुस्तकाची प्रथमावृत्ती कुठली हे वाटतं तेवढं सोपं नसतं. शीर्षकपान उलटलं की मागे आवृत्ती, मुद्रक, प्रकाशक हे सगळं असतं, तिथे आवृत्ती कुठली आणि नुसतं पुनर्मुद्रण कुठलं हे नीट वाचावं लागतं, कारण दुकानात मिळणाऱ्या प्रतीवरचं साल बऱ्याच वेळा मधल्याच एखाद्या आवृत्तीचं असतं आणि नेटवर तेच पसरतं. अगदी जुन्या पुस्तकांवर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचे जे दिवस त्यांना ७९ मिळवावे लागतात. त्यामुळे पुस्तकावर महिना किंवा तिथी दिली असेल तर तीही बघायची, पौष, माघ, फाल्गुन असेल तर विशेष जपून.

आता एक उदाहरण. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, विशाखा हा कवितासंग्रह १९४२ चा, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना. नाशिककराला विशाखा म्हटलं की कुसुमाग्रजच आठवणार, पण ज्ञानकोशात त्याच नावाचं नक्षत्र पण आहे ना, म्हणून शीर्षकात कंसात काव्यसंग्रह असं लिहून वेगळं करायचं आणि नुसतं विशाखा शोधणाऱ्याला दोन्ही पानं दिसतील अशी व्यवस्था ठेवायची. नातीने हे दाखवलं तेव्हा मला ह्या कामाची शिस्त फार आवडली. वर्गात मुलांना हेच सांगत आलो की नाव लिहिताना कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करा.

सिडकोवाली :

मी कॉलेजला आहे, सगळं मोबाईलवरूनच करते. मला कॉपीराइटबद्दल लिहायचंय कारण माझ्या बरोबरच्या मुलींना तोच प्रश्न पडतो. मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा टाकता येत नाही, प्रस्तावनेतले पॅरेग्राफ टाकता येत नाहीत, आणि मुखपृष्ठाचा फोटो आपण आपल्या मोबाईलने काढला म्हणून तो आपला होत नाही कारण चित्र चित्रकाराचं असतं, कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यात, ते ठेवत नाहीत. आपण जे लिहितो ते मात्र कोणालाही वापरायला मोकळं होतं, क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या मुक्त परवान्याखाली, म्हणून तर आपल्याच शब्दात लिहायला लागतं.

आपल्याकडे नियम असा की लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो आणि ते मोजायचं तो वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे कुसुमाग्रज १९९९ ला गेले तर त्यांचं साहित्य २०६० च्या सुरुवातीला मोकळं होणार. साने गुरुजी १९५० चे, म्हणून त्यांचं २०११ पासून मोकळं झालं आणि श्यामची आई अख्खं विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्याच मोफत ग्रंथसंग्रहात, वाचता येतं. ते पुस्तक १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं हे मला हे काम करायला लागल्यावरच समजलं!! आपण रोज नाशिकरोडच्या त्या तुरुंगावरून जातो येतो आणि शाळेत कोणी बोललं नाही कधी. हे वाक्य लेखात संदर्भासकट असलंच पाहिजे असं मला फार वाटतं, कारण पुढच्या मुलीला ते तिथून तरी कळेल.

ग्रंथपाल :

चांगला धागा. मी ग्रंथालयात बरीच वर्षं काढली, त्यामुळे माझ्याकडे लोक येतात ते "माझ्या पुस्तकाचं पान करून द्या" म्हणत. नात्यातले, ओळखीचे, चांगली माणसं असतात, पुस्तकही मनापासून लिहिलेलं असतं. त्यांना मी शांतपणे समजावतो की ज्ञानकोशात यायला पुस्तकाबद्दल लेखक आणि प्रकाशक सोडून दुसऱ्या कोणीतरी दखल घेऊन लिहिलेलं लागतं, दोन-तीन ठिकाणी तरी, नुसती प्रकाशन समारंभाची बातमी नाही, नीट परीक्षण किंवा अभ्यास. मोठा पुरस्कार, अभ्यासक्रमात नेमणूक, ह्यानेही बळ येतं. आणि स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पुस्तकावर आपण लिहू नये, चर्चापानावर (लेखाला जोडून चर्चेसाठी असलेलं पान) सुचवावं आणि नातं उघड सांगावं. बहुतेक जण ऐकतात. एक कवी तर हे ऐकून आपल्या तालुक्यातल्या जुन्या शाहिराच्या पुस्तकावर काम करायला बसले, त्याचा मला फार आनंद झाला.

पुरस्कारांची एक गोष्ट नवीन लोकांनी ध्यानात ठेवावी. साहित्य अकादमी विशिष्ट पुस्तकाला मिळतो, नटसम्राटला १९७४ चा मिळाला, तो पुस्तकाच्या पानावर येणार. ज्ञानपीठाचं तसं नाही. आधी तो एका ग्रंथासाठी होता, खांडेकरांना १९७४ चा ययातिसाठी मिळाला. पण १९८२ पासून तो लेखकाच्या एकूण कामगिरीला देतात, त्यामुळे कुसुमाग्रजांचा १९८७ चा ज्ञानपीठ त्यांच्या कुठल्याही एका पुस्तकाच्या माहितीचौकटीत घालता येत नाही. तो लेखकाच्या पानावर.

सातपूर एमआयडीसी :

मी कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट संपली की रात्री लिहितो. माझं शिक्षण आयटीआय, त्यामुळे आधी वाटायचं हे प्रोफेसर लोकांचं काम. पण बाबूराव बागूल आमच्या इकडचे, विहितगावचे, १९३० चा जन्म, त्यांचा जेव्हा मी जात चोरली होती हा कथासंग्रह १९६३ ला आला आणि दलित कथा तिथून बदलली असं मोठमोठे समीक्षक लिहितात, तर अशा पुस्तकांवर आपल्या माणसाने नाही लिहायचं तर मग कोणी. म्हणून घुसलो.

सगळ्यात जड गेली ती भाषा. मी हे पुस्तक वाचून रात्रभर झोपलो नव्हतो, मग मी त्याच्याबद्दल थंडपणे कसं लिहिणार. एका जुन्या सदस्याने माझ्या चर्चापानावर फार चांगलं समजावलं, तो म्हणाला दादा तुम्हाला जे वाटतं ते कोणत्या तरी समीक्षकाला पण वाटलं असणार, त्याचं नाव घेऊन, त्याचं पुस्तक आणि पान क्रमांक देऊन लिहा, मग ते राहील. जळजळीत, क्रांतिकारी, हृदय पिळवटून टाकणारं असले शब्द आपण आपल्या तोंडाने नाही लिहायचे, पण अमुक समीक्षकाने ह्या कथांमधल्या विद्रोहाबद्दल अमुक म्हटलंय असं लिहिलं की त्याला वजन येतं आणि कोणी काढत नाही. आणि खरं सांगतो, असं शोधता शोधता मी जी समीक्षेची पुस्तकं वाचली ती एरवी आयुष्यात हातात घेतली नसती.

अजून एक, बागूल आणि बागुल दोन्ही लिहितात लोक, तर एका नावाने पान ठेवून दुसऱ्याचं पुनर्निर्देशन करायचं, म्हणजे दुसरं नाव शोधलं तरी त्याच पानावर जाता येतं. सोपं काम आहे, नवीन माणसाने अशा कामापासून सुरू करावं, सवय होते आणि अलीकडील बदल ह्या नव्या संपादनांच्या यादीत आपलं नाव दिसलं की हुरूप येतो.

मेनरोड :

गोदाकाठची ताई, एका मुद्द्यावर माझं तुमच्याशी थोडं जमत नाही. वाचनालयातलं संदर्भाचं सगळं मान्य, पण कथानकासाठी बाहेरचा संदर्भ शोधत बसायची गरज नाही, पुस्तकात काय आहे ह्याला पुस्तकच संदर्भ. नवीन लोक ह्या भीतीने कथानकाचा भागच लिहीत नाहीत आणि लेख चार ओळींचा राहतो. कथानक सरळ लिहावं, शेवटासकट. शेवट सांगितला तर मजा जाईल असं वाटतं, पण ज्ञानकोशात येणारा माणूस पूर्ण माहिती घ्यायला येतो, आणि कादंबरीचा शेवटच वादाचा विषय झाला असेल तर तो न सांगता पुढची समीक्षा कळणारच नाही. फक्त त्यात अर्थ लावायचा नाही. नायक घर सोडतो एवढं लिहायचं, घर सोडणं हे अमक्याचं प्रतीक आहे हे लिहायचं झालं तर तिथे मात्र समीक्षक पाहिजे.

गोदाकाठची :

दादा, पटलं. शेवट सांगायचा की नाही ह्यावर मी अजून अडते, विशेषतः रहस्यकथा असेल तर, मन धजत नाही. पण कथानक आणि अर्थ वेगळे ठेवायचे हे तुम्ही फार स्वच्छ सांगितलंत. कथानक लिहिताना मी आता प्रकरणवार टिपणं काढते आणि मग पुस्तक मिटून लिहिते, त्याने वाक्यं आपली राहतात.

इंदिरानगर :

मी फक्त वाचत होते इतके दिवस, पहिल्यांदा लिहितेय. एक प्रश्न आहे. मला आजोबांच्या संग्रहातल्या एका नाटकावर लेख करायचाय, १९५० च्या आसपासचं आहे, माहितीचौकटीत आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) विचारतात आणि पुस्तकावर तर कुठेच नाहीये. नेटवर एका ठिकाणी सापडला तो टाकू का? आणि संग्रहात एका मासिकाचे बांधीव अंक पण आहेत, त्यात ह्या नाटकाच्या प्रयोगावर दोन लेख दिसले.

ग्रंथपाल :

ताई, नेटवर सापडला तो बहुतेक नंतरच्या आवृत्तीचा असणार. आयएसबीएन ही पद्धतच साधारण १९७० नंतरची, त्यामुळे तुमच्या प्रतीला तो असणं शक्य नाही, ती ओळ रिकामी सोडा. नवी आवृत्ती हातात असेल तर तिचा वेगळा उल्लेख करून क्रमांक द्या, २००७ च्या आधीचे १० अंकी असतात आणि नंतरचे १३ अंकी, आपल्याकडचे ९७८ नंतर ८१ किंवा ९३ ने सुरू होणारे.

पण मासिकाचे बांधीव अंक हे तर सोनं आहे. लेखाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, मासिकाचं नाव, महिना, वर्ष, पान क्रमांक एवढं वहीत उतरवून घ्या. बांधताना वरचं मुखपृष्ठ काढून टाकतात, त्यामुळे महिना सापडला नाही तर आतल्या पानाच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात असतो तो बघा. प्रयोग कधी आणि कुठे झाला, कोणी कामं केली हे त्या लेखांत मिळालं तर तो भाग दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

पंचवटीकर :

आणि बाळ, कागद पिवळा पडला असेल तर पानं सपाट उघडू नकोस, शिवण तुटते. अर्धवट उघडून मोबाईलने फोटो काढ आणि मग फोटोवरून वाच. धूळपाटीवर टाकलंस की इथे सांग, मी शकाचं आणि प्रयोगाच्या तारखांचं बघून देतो.

इंदिरानगर :

हो आजोबा, चालेल. रविवारी कपाट उघडते. एका अंकावर महिना म्हणून नुसतं मार्गशीर्ष लिहिलंय, शक पण आहे १८७३, म्हणजे १९५१ च ना?

पंचवटीकर :

मार्गशीर्ष म्हणजे १९५१ चा डिसेंबर धर. महिन्याच्या अगदी शेवटी असेल तर पंचांग बघावं लागेल. माझ्याकडे जुनी आहेत, बघून सांगतो.