विषय: नाशिकला वृद्धाश्रमात असलेली आई

प्रेषक: एक सभासद, एडिसन (अमेरिका)

नमस्कार मंडळी,
आई गंगापूर रोडजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. जागा स्वच्छ, जेवण वेळेवर, अंगावर कुठे वळ नाही. पण दिवाळीपासून ती बोलेनाशी झाली आहे. काही विचारलं की आधी फोन धरणाऱ्या मावशींकडे बघते, मग म्हणते, "सगळं छान आहे गं." परवा पाणी मागितलं आणि लगेच, "नको, राहू दे, चुकलं माझं." आयुष्यभर शाळेत मास्तरकी केलेली बाई! भाऊ म्हणतो, वय झालंय. कुणी सांगेल का?

उत्तर: दुसऱ्या सभासद

ताई,
वयामुळे कुणी पाण्यासाठी माफी मागत नाही. मी इथे अमेरिकेत नर्सिंग होममध्ये नर्स आहे. "तुझ्या पोरांनी टाकलंय तुला", "परत ओलं केलंस तर चहा बंद", चारचौघांत डायपरवरून ओरडणं, बेल हाताला लागणार नाही अशी ठेवणं, मुद्दाम अबोला धरणं, हा सगळा छळच. इथल्या १९८७च्या कायद्याने तर तोंडी आणि मानसिक छळ होऊ न देणं हा रहिवाशाचा हक्कच मानलाय.

लघवीच्या इन्फेक्शनने किंवा नव्या गोळीनेही माणूस असा बदलतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. पण त्या मावशी समोर असतानाच आई दबत असतील, तर गोळ्यांवर ढकलू नका.

आश्रमाला न कळवता जवळच्या कुणाला तरी संध्याकाळी पाठवा, आईंजवळ एकटं बसू द्या. "त्रास देतात का?" विचारलं तर त्या नाहीच म्हणतील. "रात्री तहान लागली तर पाणी कोण देतं? तेव्हा काय म्हणतात?" असं विचारा. उत्तर जसंच्या तसं, तारखेसकट लिहून ठेवा. मग व्यवस्थापकांना लेखी द्या, त्या मावशींची ड्यूटी बदलायला लावा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, भारतात टोल फ्री. धोका वाटला तर ११२. तक्रारीआधी आईंची दुसरी सोय मात्र बघून ठेवा. तक्रार झाल्यावरही रात्र त्यांना तिथेच काढायची असते.

प्रेषक: एडिसन

खूप आभार. इंदिरानगरची मामेबहीण शुक्रवारी जाते आहे. आईने तिलाही "सगळं छान" सांगितलं तर?

उत्तर:

तर तिला पुन्हा पाठवा, वेगळ्या वेळी. सोबत आईंच्या आवडीचं काही खायला न्यायला सांगा, आणि घाई करू नका. भावालाही हा मेल वाचायला द्या.