गाण्यांचं ॲप कुठलं घ्यायचं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-302: नमस्कार मंडळी. घरात माणसं चार आणि तऱ्हा चार. मुलगी स्पॉटिफायशिवाय दुसरं नाव काढत नाही, मुलगा यूट्यूबवर, सौ.ना आपोआप वाजत राहील असं काहीतरी हवंय आणि मला नाट्यसंगीत. पैसे एकाच ठिकाणी भरायचे तर कुठे भरू?

सी-101: फुकटात ऐका की काका! जाहिरात लागली की तेवढ्यात चहा गाळून होतो.

बी-603: आमच्याकडे हरिपाठ लावला होता. अभंग संपतो न संपतो तोच बाथरूम क्लीनरची जाहिरात. सासूबाईंनी स्पीकरची पिनच उपटली.

डी-204: शिवाय फुकटवाल्यांना कधी काय देतील आणि कधी काढून घेतील याचा नेम नाही. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आलं तेव्हा फुकटातही हवं ते गाणं लावता यायचं. 2023 मध्ये ते आवळलं, गाणी क्रमाने ऐकायची तर पैसे भरा म्हणाले. 2025 मध्ये परत जरा सैल सोडलं.

ए-302: बरं, भरायचेच तर किती?

डी-204: स्पॉटिफाय सुरुवातीला महिन्याला 119 होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये तीन पायऱ्या केल्या: लाइट 139, स्टँडर्ड 199, प्लॅटिनम 299. यूट्यूब प्रीमियम ऑगस्ट 2024 मध्ये 129 चं 149 झालं, त्यात यूट्यूब म्युझिक आलंच. हे दर भाजीसारखे हलतात, घेताना आजचा आकडा बघून घ्या. आणि लाइटमध्ये डाउनलोड मिळत नाही, ते आधी वाचा.

सी-505: डाउनलोड नाही म्हणजे लोकलवाल्यांनी लाइटचा विचारच सोडा. दोन स्टेशनांच्या मधे रेंज गेली की गाणं नुसतं गोल गोल फिरत बसतं. आणखी एक, डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं असं नाही. 30 दिवसांत एकदा तरी नेट चालू करून स्पॉटिफाय उघडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत. कोकणात महिनाभर राहायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

बी-201: मी एक सुचवू का? यूट्यूबचा फॅमिली प्लॅन 299 ला आहे, सहा जण चालतात. आपल्या मजल्यावर चार फ्लॅट. माणशी पन्नाससुद्धा पडत नाहीत! पत्ता तर सगळ्यांचा एकच, बिल्डिंग तीच.

डी-204: वहिनी, त्यांना एक घर हवंय, एक बिल्डिंग नाही. सगळे एकाच घरात राहणारे पाहिजेत असा नियम आहे, आणि ते मधूनमधून तपासतात. वर हा प्लॅन गूगलच्या फॅमिली ग्रुपवर चालतो, आणि तो ग्रुप 12 महिन्यांत एकदाच बदलता येतो. उद्या पार्किंगवरून शेजाऱ्यांशी वाजलं तर वर्षभर त्यांच्याच कुटुंबात अडकाल.

सी-101: म्हणजे आधी भांडून घ्यायचं, मग प्लॅन घ्यायचा 😄

चेअरमन: पार्किंगचा विषय इथे नको. मीटिंगमध्ये बोलू.

डी-104 आजोबा: 302, तुम्ही नाट्यसंगीत म्हणालात म्हणून लिहितो. जरा लांबेल. कंपनीने काढलेल्या रेकॉर्डच ऐकायच्या असतील तर कुठलंही ॲप घ्या, उन्नीस-बीसचा फरक. पण मैफिली ऐकायच्या असतील तर यूट्यूबला पर्याय नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरीताई आमोणकर यांची कितीतरी गाणी रसिकांनी आपापल्या कॅसेटवरून तिथे चढवलेली आहेत. मधे कुणीतरी खोकतं, तबला परत लावला जातो, समेवर मागून दाद येते. यूट्यूब म्युझिकमध्ये हे व्हिडिओसुद्धा गाण्यासारखे वाजतात, स्क्रीन बंद ठेवून. हक्कवाल्याने हरकत घेतली तर एखादं उडतं, ते चालायचंच.

आता माझी तक्रार. या ॲपांच्या हिशेबाला खयाल समजत नाही. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक मोजतात. तोडी रागाचा 50 मिनिटांचा खयाल शेवटपर्यंत ऐकला तरी एकच, तीन मिनिटांचं सिनेमातलं गाणं ऐकलं तरी एकच. जमलेल्या पैशांची वाटणी या मोजणीवर. मी सकाळी एक तोडी ऐकेपर्यंत 603 चा चिरंजीव पंधरा गाणी ऐकून मोकळा, म्हणजे माझ्या गवयापेक्षा त्याच्या गवयांना पंधरापट. गंमत बघा, अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर यांना 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची, त्यात ते अख्खा राग उभा करायचे. शंभर वर्षांपूर्वीची ती अडचण आज त्यांच्या रेकॉर्डच्या पथ्यावर पडते. मार बसतो तो पुढच्या, लाँगप्ले तबकडीवर लांब गाणाऱ्या गवयांना.

बी-603: आजोबा, चिरंजीव म्हणतात पंधरा गाणी नाही, एकच गाणं पंधरा वेळा.

डी-104 आजोबा: मग त्या एकाच गवयाचं घर चाललं म्हणायचं.

डी-204: आजोबा बरोबर बोलले. 2024 पासून तर स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. भारुड, गोंधळ, खंडोबाची गाणी काढणारे छोटे लोक त्या रेषेखाली किती असतील विचार करा.

ए-601: लॉसलेसबद्दल, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता मिळणाऱ्या गाण्यांबद्दल, कुणीच बोललं नाही. ॲपल म्युझिकने 2021 मध्ये जादा पैसे न घेता दिलं. माझं मत, कान असेल तर तेच घ्या.

डी-204: कानाबरोबर वायरही लागते. ब्लूटूथ हेडफोनपर्यंत पोचताना बहुतेक वेळा आवाज दाबला जातो, मग लॉसलेस लावून उपयोग काय? आणि ॲपलनेच दिलेला हिशेब बघा: तीन मिनिटांचं गाणं नेहमीच्या चांगल्या दर्जात 6 एमबी, लॉसलेसमध्ये 36, त्याच्याही वरच्या हाय-रेझमध्ये 145. लॉसलेस तासभर ऐकलं तर 720 एमबी. रोजच्या दीड जीबीत दोन तास, मग व्हॉट्सॲप बंद.

ए-601: माझ्याकडे वायफाय आहे आणि ॲम्प्लिफायरला वायर आहे.

डी-204: मग तुम्ही खुशाल घ्या. तुमच्यासाठीच आहे ते.

ई-402: सगळ्यांना विनंती, ‘पहिला महिना फुकट’वर कार्ड देताना जपा. एका ॲपचा फुकट महिना संपला आणि पुढचे कितीतरी महिने पैसे कापले जात होते, पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. ॲप तर मोबाइलमधून कधीच काढून टाकलं होतं.

सी-505: ॲप काढून सबस्क्रिप्शन बंद होत नाही काकू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायलाच हवा. तो येतो, पण लोनच्या मेसेजांच्या गर्दीत कोण वाचतं! यूपीआयवर दिलं असेल तर तिथल्या ऑटोपेमध्ये जाऊन रद्द करा.

सेक्रेटरी: सोसायटीच्या नावाने एक घेऊन रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये लावलं तर?

डी-204: सगळ्यांच्याच अटीत ‘वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेलं असतं. जाऊ द्या.

बी-201: मला तर भीती वेगळीच वाटते. वर्षानुवर्षं यादी जमवायची आणि ॲपच बंद!

डी-204: भीती खरी आहे. रेसो जानेवारी 2024 मध्ये भारतातून गेलं, विंकही त्याच वर्षी एअरटेलने बंद केलं. आणि ॲप राहिलं तरी गाणी राहतील असं नाही. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकशी करार पुढे सरकला नाही म्हणून त्यांची गाणी स्पॉटिफायवरून उडाली होती, नंतर परत आली. म्हणून कुठलंही ॲप वर्षाचं घेऊ नका. महिन्याचं घ्या, थोडे जास्त पडतात, पडू देत.

आणि पैसे भरायच्या आधी एक करा. घरातल्या प्रत्येकाने आपली हटकून लागणारी गाणी कागदावर लिहा आणि प्रत्येक ॲपमध्ये शोधून बघा. कोटी कोटी गाणी आहेत म्हणतात, त्यातली आपली किती तेवढं बघायचं. मराठी नावं दोन-तीन स्पेलिंगने टाकून बघा, नाहीतर असलेलं गाणंही सापडत नाही.

ए-302: काल रात्री बसून हेच केलं. हिंदी-इंग्रजी गाण्यांत कुठेच अडलं नाही. नाट्यपदांत मात्र फरक दिसला. एका ठिकाणी पद मिळालं, पण गायकाच्या जागी ‘विविध कलाकार’, आणि वाजलं ते कीबोर्डवरचं नवं. हार्मोनियम-तबल्याचं जुनं यूट्यूबवरच मिळालं. तेव्हा यूट्यूबचा फॅमिली प्लॅन, चौघं एकाच घरातले! सौ.ना न्यूजऑनएअर ॲपवर विविध भारती लावून दिली, ती फुकटच आहे. फक्त मुलगी फुगून बसलीय, तिच्या स्पॉटिफायच्या याद्यांचं काय म्हणून.

सी-505: ट्यून माय म्युझिक नावाच्या साइटवरून याद्या एका ॲपमधून दुसऱ्यात हलवता येतात. सगळी गाणी जुळत नाहीत, काहींच्या जागी रिमिक्स येऊन बसतात. जुन्या यादीचे स्क्रीनशॉट आधी काढायला सांगा, आणि हलवून झाल्यावर तिलाच तपासू द्या. तुम्ही तपासलंत तर परत फुगेल.